तुटलं म्हणू नका, कुठे तुटलं ते सांगा: गिटच्या नेटवर्क कोडमधली एरर हँडलिंग

‘फेटल: द रिमोट एंड हंग अप अनएक्स्पेक्टेडली.’ हे वाक्य (म्हणजे समोरच्याने अचानक कनेक्शन सोडलं) ज्याच्या स्क्रीनवर कधी आलं नाही असा गिट, हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, वापरणारा माणूस सापडायचा नाही. आणि ते वाचून पुढे काय करायचं ते उमगलं, असं म्हणणाराही सापडायचा नाही. सर्व्हरवरची प्रोसेस मेमरी संपून मेली असेल, मधल्या प्रॉक्सीने कनेक्शन तोडलं असेल, कोणी सर्व्हर रीस्टार्ट केला असेल, वाक्य तेच.

मी ऐरोलीत काम करते. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या एका ऑफिसात आमची छोटी टीम गिटचे सर्व्हर आणि बिल्डची मशिनं सांभाळते. गिटच्या सोर्सवर आमचे स्वतःचे थोडे पॅच असतात आणि त्यातले बरेचसे याच कामाचे: एरर आलीच तर ती धड यावी. टीममध्ये नवीन कोणी आलं की मी त्याला आधी हेच काम देते, कारण त्या निमित्ताने नेटवर्कचा सगळा कोड एकदा नजरेखालून जातो. दर वेळी तोंडी सांगते ते इथे लिहून ठेवलंय. सी वाचता येत असेल तर पुरे.

गिटचा सोर्स मोठा असला तरी आपल्या कामाच्या फाइली मोजक्या आहेत. एसएसएच (दूरच्या मशिनवर सुरक्षित लॉगिन) आणि गिट डिमनशी (गिटचा स्वतःचा साधा सर्व्हर) जोडणी कनेक्ट.सी मध्ये. एचटीटीपीचं सगळं एचटीटीपी.सी आणि रिमोट-कर्ल.सी मध्ये, आणि त्यांच्या खाली लिबकर्ल, ही एचटीटीपी बोलणारी लायब्ररी. घेण्याचं काम फेच-पॅक.सी, पाठवण्याचं सेंड-पॅक.सी, आणि समोरच्या बाजूला अपलोड-पॅक व रिसीव्ह-पॅक. या सगळ्यांच्या मुळाशी पीकेटी-लाइन.सी. सुरुवात तिथूनच करा.

आधी पाकीट समजून घ्या

दोन्ही बाजू पाकिटांत बोलतात. प्रत्येक पाकिटाच्या सुरुवातीला चार हेक्स अंक असतात, ती त्या पाकिटाची लांबी. आणि त्या लांबीत हे चार अंकही धरलेले असतात. ‘००००’ म्हणजे फ्लश, माझं बोलून झालं. एक पाकीट जास्तीत जास्त ६५,५२० बाइटचं. साइडबँड (एकाच प्रवाहात तीन वेगळ्या वाटा) चालू असेल तर लांबीनंतरचा पहिला बाइट सांगतो की आत काय आहे: १ म्हणजे पॅकचा (एकत्र बांधलेल्या फाइली आणि इतिहासाचा) डेटा, २ म्हणजे प्रोग्रेस, आणि ३ म्हणजे सर्व्हर मरता मरता काय सांगतोय ते. साइडबँड सुरू होण्याआधी काही बिनसलं तर सर्व्हर ‘ईआरआर’ या अक्षरांनी सुरू होणारं पाकीट पाठवतो. पाकिटांत सर्व्हरला आपलं कारण सांगायला या दोन मुख्य जागा आहेत. तिथलं कारण वाटेत हरवू न देणं हे एरर हँडलिंगचं निम्मं काम.

एक ठरलेली तक्रार घ्या. एसएसएचवरून क्लोन करताना, म्हणजे अख्खी रिपॉझिटरी उतरवून घेताना, ‘बॅड लाइन लेंथ कॅरेक्टर’ असं येतं आणि पुढे चार अक्षरं दिसतात: डब्ल्यू, ई, एल, सी. झालेलं एवढंच असतं की सर्व्हरच्या बॅशआरसीत (शेल सुरू होताना चालणारी फाइल) कोणीतरी हौसेने वेलकम छापणारी ओळ घातलेली असते. लॉगिन झाल्याबरोबर ती ओळ आधी येते, गिट तिची पहिली चार अक्षरं लांबी समजून वाचायला जातं, आणि डब्ल्यू हा काही हेक्स अंक नव्हे. ज्याला पाकीट माहीत आहे त्याला हा मेसेज पुरतो. बाकीच्यांचा दिवस जातो.

इथे सुधारणा कशी सुचते बघा. हे पहिल्याच पाकिटाला झालं असेल तर समोर गिट बोलतच नाहीये, शेल बोलतंय. तेव्हा आलेला मजकूर ओळ संपेपर्यंत वाचा, तो दाखवा, आणि सर्व्हरच्या लॉगिन स्क्रिप्टने काही छापलंय का ते बघायला सांगा. पण हेच शंभराव्या पाकिटाला झालं तर तो सल्ला साफ चुकीचा; तिथे चालू प्रवाहात बाइट हरवलेत किंवा बिघडलेत. फंक्शन तेच, चूक तीच, पण मेसेज वेगळा हवा. आणि समोरून आलेला मजकूर दाखवताना कंट्रोल कॅरेक्टर गाळून दाखवा. अनोळखी सर्व्हरच्या हातात आपलं टर्मिनल द्यायचं नसतं.

स्वतःच्या हाताने तोडा

नुसता कोड वाचून नेटवर्कच्या एररवर पॅच लिहिणारे लोक असतात. त्यांचे पॅच मी परत पाठवते. कनेक्शन तुटताना प्रत्यक्ष बघा, मग लिहा. ते तीन तऱ्हांनी तुटतं आणि तिन्ही तऱ्हा कोडला वेगवेगळ्या दिसतात.

पहिली तऱ्हा: समोरची प्रोसेस संपते, तिकडचं कर्नेल सॉकेट बंद करतं, आणि आपल्या रीडला ० मिळतं. ही ईओएफ, म्हणजे प्रवाह संपला. लक्षात घ्या, सिस्टिमच्या लेखी इथे काहीही चुकलेलं नाही, म्हणून एरनोही (शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) बदललेला नसतो. अशा जागी कोणी डाय_एरनो (एरनोचा मजकूर छापून प्रोसेस संपवणारं फंक्शन) वापरून ठेवलं असेल तर मागच्या कुठल्यातरी कॉलचा शिळा एरनो छापला जातो. ‘फेटल’ने सुरू होऊन ‘सक्सेस’वर संपणारे मेसेज जगात यामुळेच आहेत.

दुसरी: समोरून आरएसटी (कनेक्शन झटक्यात तोडणारं पॅकेट) येतो, रीड उणे एक देतं, एरनो ईकॉनरीसेट. इथे एरनो खरा आहे, छापा.

तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट, कारण तिच्यात काहीच येत नाही. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पावसाळ्यात लाइट गेली की घरातल्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि राउटर दोन्ही चालू राहतात. वायफायच्या रेघा भरलेल्या. पण जिन्यात केबलवाल्याची जी पेटी आहे तिच्यातल्या स्विचला कोण इन्व्हर्टर देणार? पॅकेट तिथपर्यंत जातात आणि संपतात. लाइट परत येते तेव्हा बाहेरचा आयपी बदललेला असतो. क्लोन मात्र त्रेचाळीस टक्क्यांवर शांत बसून. ही बाजू फक्त वाचते आहे, पाठवायला तिच्याकडे काही नाही, त्यामुळे समोर कोणी उरलेलं नाही हे तिला कळायला मार्गच नाही. गिट स्वतः उघडलेल्या टीसीपी सॉकेटवर कीपअलाइव्ह (समोर कोणी आहे का ते अधूनमधून विचारणं) लावतं खरं, पण लिनक्सवर ठरवून बदललं नसेल तर पहिला प्रोब ७२०० सेकंदांनी जातो. म्हणजे दोन तासांनी.

घरी लाइट जायची वाट बघायला नको, तिन्ही तऱ्हा टेबलावर बसून करता येतात. आपल्याच मशिनवर गिट डिमन चालू करा, त्याचा पोर्ट ९४१८. एक बऱ्यापैकी जड रिपॉझिटरी क्लोनला लावा. चालू असताना अपलोड-पॅक प्रोसेसला ‘किल -९’ दिलंत की बहुधा पहिली तऱ्हा मिळेल. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) त्या पोर्टला टीसीपी-रीसेटसह ‘रिजेक्ट’ लावलंत की दुसरी, आणि ‘ड्रॉप’ लावलंत की तिसरी. मंद आणि गळकी लाइन हवी असेल तर ‘टीसी’च्या नेटएमने लूपबॅकवर उशीर आणि गळती टाकता येते. नियम लावायच्या आधी तो काढणारी ओळ लिहून ठेवा, आणि हे खेळ ज्या मशिनवर एसएसएचने बसला आहात तिथे करू नका.

हे करताना दोन ट्रेस चालू ठेवा. गिट_ट्रेस_पॅकेट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं की पॅकचा डेटा सोडून प्रत्येक पाकीट दिसतं, कोणी पाठवलं आणि कोणी घेतलं त्यासकट. गिट_ट्रेस_कर्ल एचटीटीपीचं तेच काम करतं; त्याच्या जोडीला गिट_ट्रेस_कर्ल_नो_डेटा लावलं नाहीत तर पॅकच्या बाइटांचा पूर येईल. ऑथरायझेशनचे हेडर ट्रेसमध्ये मुळातच झाकलेले असतात, तरी लॉग कोणाला पाठवण्याआधी एकदा डोळ्याखालून घाला.

शांततेवर उपाय कोडपेक्षा सेटिंगमध्ये जास्त आहे, आणि तिथे एक फसगत आहे. एचटीटीपीसाठी लो-स्पीड-लिमिट आणि लो-स्पीड-टाइम अशा दोन सेटिंग आहेत: वेग अमुक बाइटच्या खाली तमुक सेकंद राहिला तर तोडून टाक. दिल्या नाहीत तर गिट तोडत नाही. बरेच जण लिमिट १००० आणि टाइम ३० असं टाकून मोकळे होतात. आता सर्व्हरची बाजू बघा. मोठ्या रिपॉझिटरीचा पॅक बांधायला वेळ लागतो, त्या काळात पाठवण्यासारखं काही नसतं, म्हणून अपलोड-पॅक दर ५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहतं, ‘०००५’ आणि त्यामागे बँडचा एक बाइट. ५ सेकंदांत ५ बाइट. हजारच्या लिमिटला हे मेल्यासारखंच दिसतं, आणि धडधाकट कनेक्शन तुटतं. लिमिट अगदी खाली ठेवा आणि वेळ सढळ द्या. एसएसएच असेल तर सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल १५ द्या. काउंट-मॅक्स मुळात ३ असतो, म्हणजे पाऊण मिनिटात समोर कोणी नाही हे कळतं.

केव्हा तुटलं

कनेक्ट.सी मध्ये डाय_इनिशियल_काँटॅक्ट नावाचं चिमुकलं फंक्शन आहे. ते आधी वाचा, कारण मला जे सांगायचंय ते त्यात कोणीतरी आधीच करून ठेवलंय. सर्व्हरशी पहिलं बोलणं चालू असताना ईओएफ आली की ते एकच प्रश्न विचारतं: आतापर्यंत समोरून काही आलं होतं का? एकही पाकीट आलं नसेल तर ते ‘रिमोट रिपॉझिटरी वाचता आली नाही’ असं म्हणतं, आणि पुढे दोन ओळींत अधिकार आहेत का आणि रिपॉझिटरी अस्तित्वात आहे का ते बघायला सांगतं. काही आलं होतं आणि मग तुटलं, तर ‘पहिल्याच बोलण्यात समोरच्याने सोडलं’ असं म्हणतं. ईओएफ दोन्हीकडे सारखीच. पण पहिल्या वेळी किल्ली किंवा पत्ता चुकला असण्याची शक्यता जास्त, दुसऱ्या वेळी किल्ली चालली आहे हे नक्की. माणसाने पुढे कुठे शोधायचं ते या एका फरकाने ठरतं.

तुमचा पॅच बहुतेक वेळा एवढाच असतो: ही युक्ती पुढच्या टप्प्यांवर न्यायची. रेफची (ब्रँच आणि टॅगच्या नावांची) यादी येताना तुटलं का? ‘माझ्याकडे हे आहे, मला ते हवं’ ही घासाघीस चालू असताना तुटलं का? पॅक यायला लागल्यावर तुटलं का, आणि तेव्हा किती आलं होतं? पाकिटाच्या सीमेवर तुटलं की ऐन मध्यात? सीमेवर तुटलं तर समोरच्याने आपणहून सोडलं असण्याचा संभव मोठा. चार अंकांपैकी दोनच वाचून झाले आणि तुटलं, तर मधल्या वाटेवर काहीतरी घडलंय. पीकेटी-लाइनच्या वाचणाऱ्या फंक्शनांना ‘ईओएफवर मरू नकोस, मला सांग’ असं सांगणारा फ्लॅग आहे, जेंटल-ऑन-ईओएफ. तो लावा, परत आलेलं उत्तर तपासा, आणि मेसेज तुमच्या पातळीवर लिहा. टप्पा कोणता चालू आहे हे तुम्हाला माहीत आहे, पीकेटी-लाइनला नाही.

लिहिताना अडलं तर आधी वाचा

हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, म्हणून इथे थांबते.

समजा तुम्ही पुश करताय, म्हणजे आपले बदल सर्व्हरवर पाठवताय. सर्व्हरने सुरुवातीलाच ठरवलं की हे घ्यायचं नाही, डिस्क भरली आहे. त्याने कारण सांगणारं पाकीट पाठवलं आणि दार लावलं. तुमचा क्लायंट इकडे अजून पॅक ओततोच आहे. बंद सॉकेटवर लिहिलं की सिगपाइप हा सिग्नल येतो आणि, तो झेलला नसेल तर, प्रोसेस जागच्या जागी संपते. झेलला असेल तर राइटला ईपाइप मिळतो, कोड ‘ब्रोकन पाइप’ छापून मरतो. आणि ज्या पाकिटात ‘डिस्क भरली’ असं धडधडीत लिहिलं होतं ते आपल्याच कर्नेलच्या बफरमध्ये न उघडता पडून राहतं. पोस्टमनने आणलेलं पत्र न वाचता घर सोडून जाण्यातला प्रकार.

म्हणून क्रम असा ठेवा. नेटवर्कवर लिहायच्या आधी सिगपाइप दुर्लक्षित करा. गिटमध्ये त्यासाठी सिगचेनची फंक्शनं आहेत, थेट सिग्नल वापरू नका. राइट अडला की एरनो बाजूला ठेवा, मरू नका. वाचायच्या बाजूला जे शिल्लक असेल ते वाचा. त्यात ईआरआर पाकीट किंवा तिसऱ्या बँडचा मजकूर मिळाला तर तेच खरं कारण, ते दाखवा. काहीच मिळालं नाही तरच राखून ठेवलेल्या एरनोने मरा. या वाचनाला मुदत घालायला विसरू नका, नाहीतर जिन्यातल्या पेटीसमोर पुन्हा बसून राहाल.

सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर दुसरी बाजूही बघा. लिनक्सवर, न वाचलेला डेटा बफरमध्ये असताना सॉकेट बंद केलं की सभ्य एफआयएनऐवजी (नीट घेतलेला निरोप) आरएसटी जातो, आणि आरएसटी पोचला की समोरचा न वाचलेला मजकूरही बुडू शकतो. तेव्हा कारण पाठवल्यावर लगेच दार लावू नका. लिहायची बाजू शटडाउन करा, समोरचा जे ओततोय ते थोडा वेळ वाचून टाकून द्या, मग बंद करा. आमच्याकडे हुकने (सर्व्हरवरच्या तपासणी स्क्रिप्टने) नाकारलेल्या पुशांची कारणं लोकांपर्यंत पोचायला लागली ती एवढ्यानेच.

मरायचं कोणी

गिटमध्ये डाय हे फंक्शन मेसेज छापतं आणि १२८ कोडने बाहेर पडतं. एरर छापतं आणि उणे एक परत देतं, म्हणून ‘रिटर्न एरर’ असं एका ओळीत लिहिता येतं. गिटची सुरुवात २००५ साली छोट्या छोट्या प्रोग्रॅमांचा संच म्हणून झाली, आणि अशा प्रोग्रॅममध्ये काही चुकलं की जागीच मरणं सोयीचं होतं. त्या काळची सवय आजही खोल कोडमध्ये दिसते. माझा नियम: ज्याला संदर्भ माहीत आहे त्याने मरावं. सॉकेट वाचणाऱ्या फंक्शनने मरू नये, त्याने उणे एक द्यावा. फेच चालवणाऱ्याने ठरवावं, कारण एका आरशाने (मिरर सर्व्हरने) नकार दिला तर दुसरा सर्व्हर बघायचा की नाही ते त्यालाच ठाऊक. पण एका पॅचमध्ये सगळी डाय उपटू नका. प्रत्येक डायच्या जागी परत येणारं उत्तर आलं की ते तपासणारी जागा वर हवी, मधली मेमरी सोडायला हवी, चाइल्ड प्रोसेस आवरायला हवी. एक डाय काढताना तीन ठिकाणी न तपासलेली उणे एक सोडून जाणं हे आधीपेक्षा वाईट.

एरनोच्या बाबतीत कनेक्ट.सी मधलाच टीसीपी जोडणीचा लूप आदर्श आहे. एका नावाला अनेक पत्ते असू शकतात, आयपीव्ही-६ चा एक, आयपीव्ही-४ चे दोन. लूप एकेक पत्ता घेतो. जमलं नाही की होस्ट, क्रमांक, पत्ता आणि एरनोचा मजकूर अशी ओळ एका स्ट्रबफमध्ये (गिटचा वाढता स्ट्रिंग बफर) जोडतो, *मग* सॉकेट बंद करतो, आणि पुढच्या पत्त्याकडे जातो. सगळे संपले तरच सगळ्या ओळी छापून मरतो. क्लोजने एरनो बदलू शकतो, म्हणून आधी लिहायचं, मग बंद करायचं. आयपीव्ही-६ चा पत्ता मिळतो पण वाट बंद, असं जिथे असतं तिथे ही एकेका पत्त्याची ओळ लाखमोलाची. आणि नाव शोधणारं गेटअ‍ॅड्रइन्फो फसलं तर त्याचा कोड एरनोमध्ये येत नाही. त्याचा मजकूर गाय_स्ट्रएररकडून घ्यावा लागतो.

मग प्रश्न येतो एका तुटण्याच्या चार ओळींचा. एचटीटीपीवरचा मोठा क्लोन तुटला की स्क्रीनवर ओळीने येतं: आरपीसी फेल्ड आणि कर्ल १८, फेच-पॅकची साइडबँड वाचताना अनपेक्षित तुटल्याची ओळ, ‘अर्ली ईओएफ’, आणि शेवटी इंडेक्स-पॅकचं उत्तर अवैध असल्याची ओळ. वेगवेगळ्या प्रोसेस आपापली कैफियत मांडतात. खरं कारण पहिल्या ओळीत, बाकीच्या तीन तिचे परिणाम. लोक मात्र शेवटची ओळ कॉपी करून शोधतात, कारण तीच डोळ्यासमोर असते. चाइल्ड प्रोसेसने कारण छापलं असेल तर वरच्याने नुसत्या एक्झिट कोडने जावं, एवढं पाळलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

एचटीटीपीच्या खोड्या

लिबकर्लला एररचा मजकूर ठेवायला बफर द्यावा लागतो. पण तो भरेलच याची हमी नाही. रिकामा राहिला तर ‘अमुक पत्त्याशी संपर्क होत नाही’ आणि कोलनपुढे काहीच नाही, असा मेसेज निघतो. गिटचा कोड बफरचा पहिला बाइट तपासतो आणि रिकामा असेल तर कोडवरून ठरावीक मजकूर घेतो. तुमच्या नव्या कोडमध्येही हे हवंच, आणि प्रत्येक विनंतीआधी बफर रिकामा करणंही. नाहीतर मागच्या विनंतीचं पाप या विनंतीच्या माथी.

स्टेटस कोड आला म्हणजे नेटवर्क चाललं. ४०१ ला पुन्हा क्रेडेन्शियल मागायचे. ४०३ ला मागून उपयोग नाही. ४०४ ला रिपॉझिटरी नाही असं ठामपणे म्हणू नका, गिटहब खासगी रिपॉझिटरीचं अस्तित्व लपवायला अधिकार नसलेल्यालाही ४०४ देतं. ‘सापडली नाही, किंवा तुम्हाला दिसत नाही’ हे प्रामाणिक. सर्व्हरने एररसोबत साधा मजकूर पाठवला असेल तर गिट तो ‘रिमोट:’ लावून दाखवतं, पण फक्त कंटेंट-टाइप टेक्स्ट-प्लेन असेल तरच. प्रॉक्सीची एचटीएमएल पानं तिथेच गळतात, आणि तेच बरं. स्वतःचा सर्व्हर असेल तर कारणं टेक्स्ट-प्लेनमध्ये पाठवा.

उलटा प्रकार म्हणजे २०० येतो आणि आत लॉगिनचं पान असतं. कॅफेतलं वायफाय, मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका. गिटला अपलोड-पॅकच्या जाहिरातीचा कंटेंट-टाइप अपेक्षित असतो, मिळतं एचटीएमएल, आणि ते विचारतं, ही गिट रिपॉझिटरी आहे ना? अशा वेळी आलेला कंटेंट-टाइप मेसेजमध्ये छापा. ‘टेक्स्ट/एचटीएमएल आलं’ एवढ्या तीन शब्दांवर माणसाची ट्यूब पेटते.

जाता जाता, पोस्ट-बफर ही एचटीटीपीची सेटिंग वाढवा हा सल्ला देणं बंद करा. ५०० एमबी टाका म्हणणारे जागोजागी भेटतात. मूळ आकडा १ एमआयबी आहे, आणि गिटच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की तो वाढवून फक्त चंक्ड पद्धत (डेटा तुकड्यांत पाठवणं) बंद होते, पुशच्या बहुतेक अडचणींवर त्याचा उपयोग नाही, आणि बफर छोट्या पुशलाही पूर्ण घेतला जात असल्याने मेमरी मात्र जाते.

पुन्हा प्रयत्न

फेच पुन्हा करणं निर्धोक आहे. फार तर वेळ जातो, कारण तुटलेला क्लोन मध्यापासून सुरू होत नाही. पुशचं तसं नाही. सर्व्हरने ऑब्जेक्ट (पाठवलेला डेटा) घेतले, रेफ हलवली, आणि ‘ओके’ सांगायच्या आत लाइन गेली, तर क्लायंट अपयश सांगतो आणि सर्व्हरवर काम झालेलं असतं. रिपॉझिटरी यात बिघडत नाही. आलेले ऑब्जेक्ट गिट २.११ पासून आधी वेगळ्या ठेवलेल्या क्वारंटीन डिरेक्टरीत राहतात आणि रेफ जुन्या किमतीशी ताडूनच हलते. पण मेसेजने खोटं बोलू नये. सगळं पाठवून झालं आणि उत्तर वाचताना तुटलं, तर ‘पुश फसला’ म्हणू नका. ‘सर्व्हरचं उत्तर मिळालं नाही, पुश झाला असू शकतो, एलएस-रिमोटने बघा’ म्हणा. पुन्हा पुश केला तर झालेलं असल्यास सगळं अद्ययावत असल्याचं उत्तर येतं, नुकसान नाही. नुकसान होतं ते पुशवरून डिप्लॉय सुरू करणाऱ्या स्क्रिप्टचं, जी अपयश समजून वेगळाच रस्ता धरते.

आपोआप पुन्हा प्रयत्न करायचा तर नाव सापडलं नाही, जोडणी झाली नाही, रीसेट, ५०२, ५०३, ५०४ यांवर करा. ४२९ ला रिट्राय-आफ्टर हेडर आला असेल तर तेवढं थांबा. ४०१, ४०३, ४०४ आणि सर्टिफिकेटच्या एररवर करू नका, उत्तर तेच येणार. दोन प्रयत्नांतलं अंतर वाढवत न्या आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवा. सकाळी सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर सगळी बिल्ड मशिनं एकाच सेकंदाला दारात उभी राहिली की तो पुन्हा झोपतो. आणि स्क्रिप्टमध्ये मेसेज ग्रेप करून निर्णय घेत असाल तर एलसी_ऑल सी करा, कारण मेसेज भाषांतरित होतात. एक्झिट कोडवर भिस्त ठेवता येत नाही, डाय सगळ्यांनाच १२८ देतं.

मेसेज आणि टेस्ट

शब्दरचनेचे नियम गिटच्या कोडिंग गाइडलाइन्समध्ये आहेत: पहिलं अक्षर लहान, शेवटी पूर्णविराम नाही, आधी काय चुकलं ते आणि मग कशाचं, नाव एकेरी अवतरणात. पत्ता छापताना ट्रान्सपोर्ट_अ‍ॅनोनिमाइझ_यूआरएल मधूनच काढा. पत्त्यात टोकन घालणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात, आणि सीआयचे (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेचे) लॉग सगळी कंपनी वाचते.

टेस्टसाठी एचटीटीपीच्या फाइली टी५५४१ आणि टी५५५१ च्या आसपास आहेत. त्या चालायला मशिनवर अपाची लागतो, नसेल तर त्या वगळल्या जातात आणि तुम्हाला वाटतं सगळं पास झालं. ती ‘स्किप’ची ओळ बघा. फसायलाच हवी अशी कमांड टेस्ट_मस्ट_फेलने चालवा, उद्गारचिन्हाने नव्हे. सेगफॉल्टने मेलेली कमांडही उद्गारचिन्हाला यशस्वी वाटते, टेस्ट_मस्ट_फेलला नाही. मग एररचा मजकूर तपासा, आणि नको असलेली ओळ *नाही* हेही तपासा, म्हणजे त्या चार ओळींपैकी तीन परत आल्या तर कळेल.

पॅच दोन कमिटमध्ये द्या. पहिल्यात फक्त डाय काढून उत्तर वर न्यायचं, मेसेज अक्षरशः तेच ठेवायचे, जुन्या टेस्ट एकही न बदलता पास व्हायला हव्यात. दुसऱ्यात नवे मेसेज आणि नव्या टेस्ट. कमिटच्या मजकुरात आयपीटेबल्सचा कोणता नियम लावून ते तोडलं ती ओळ जशीच्या तशी टाका. मी रिव्ह्यूला बसले की आधी ती चालवून बघते.